उधळलेलं पीठ

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या पानावर दुकानातल्या नव्या बरण्या, दुसऱ्या पानावर गच्चीतल्या कुंड्या, आणि खरी बातमी कुठे, तर शेवटच्या पानाच्या समासात, मुंगीएवढ्या अक्षरात. आता बाळाचा विचार करतो आहोत म्हणे! अगं, ही काय समासात लिहायची गोष्ट आहे? मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि एकटीच खुर्चीत बसून हसले. हसून झाल्यावर मात्र जी चिडले ती अजून चिडलेलीच आहे.

तुझ्या सासूबाई म्हणतात की वर्ष उलटायच्या आत पाळणा हलला पाहिजे. हलू दे. पाळण्याला माझी ना नाही. पण पाळण्याच्या आधी तुझ्या छातीचं काय, हे त्या घरात एकाने तरी विचारलं का? तुला दमा आहे हे मी लग्न ठरताना भर बैठकीत मोठ्याने सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझे सासरे म्हणाले की चालायचंच, हवा बदलली की सगळ्यांनाच होतं. सगळ्यांना होतं म्हणे! सगळ्यांना होत असतं तर औषधवाल्यांनी महाल बांधले असते.

तुझ्या आईच्या माघारी मी तुझी वेणी घालायला शिकले, तसा तुझा श्वास ऐकायलाही शिकले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांचे हॅलो ऐकून माझे कान कामातून गेलेत. त्यामुळे फोनवर तू सगळं छान आहे म्हणून ओरडतेस आणि मला तेवढंच ऐकू येतं. पत्रात तुला इतकं नीट खोटं बोलता येत नाही, म्हणून पत्र हवं.

तर आता ऐक. छातीच्या डॉक्टरकडे जायचं आणि सरळ सांगायचं की मूल हवं आहे. चालू औषधं चालतील का, बदलायची का, कधीपासून, हे सगळं विचारायचं. दिवस गेल्यावर नाही, आधी. तहान लागल्यावर विहीर खणणारे लोक मी खूप पाहिलेत. जावईबापूंना बरोबर ने. अख्खी परात भरून पीठ मळणाऱ्या माणसाला डॉक्टरसमोर बसून चार वाक्यं ऐकणं जड जाऊ नये.

तुझ्यावर लोभ आहेच. तो वाढवून हवा असेल तर जाऊन ये आणि मग लिही.

तुझी,
मावशी


६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गेले, दाखवलं, परत आले. पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, आता तरी हस. तुझे जावईबापूही बरोबर होते. बिचारे पूर्ण वेळ गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, फक्त त्यांच्यासमोर थापा मारता येत नाहीत. त्यांनी दोन पंप दिलेत. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. तो आतली सूज थोपवून धरतो. निळा फक्त धाप लागली की. निळा सारखा लागायला लागला तर थांबायचं नाही, लगेच यायचं. आणि दिवस राहिले तरी तपकिरी बंद करायचा नाही, हे त्यांनी मला एकदा आणि यांना दोनदा सांगितलं. एक फुंकायची नळीही दिली आहे. जोरात फुंकली की काटा सरकतो आणि आकडा दिसतो. दोन-तीन महिने आकडा चांगला राहिला की पुढचा विचार खुशाल करा म्हणाल्या.

एक गोष्ट त्यांनी विचारली आणि मी नीट सांगितली नाही. घरात धूळ, धूर, पीठ असं काही असतं का? मी म्हटलं, आमची बेकरी आहे, पण मी गल्ल्यावर बसते, पीठ मागे असतं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत गुडघ्यांवरचे हात न्याहाळायला लागले.

मावशी, तू आमचं दुकान चालू असताना पाहिलेलं नाहीस. रस्त्याच्या बाजूला मोठी काच आहे आणि काचेमागे सासऱ्यांचं लांब लाकडी टेबल. पाव वळायच्या आधी ते मुठीत मैदा घेतात आणि हात असा काही फिरवतात, की पीठ वर उडून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं बसतं. त्यांचे वडीलही तसंच उधळायचे. येणारे-जाणारे काचेपाशी थांबतात, मुलं टाळ्या वाजवतात, आणि मग हे सगळे पाव घ्यायला आत येतात. पाटीवरसुद्धा तो पीठ उधळणारा हातच रंगवला आहे. माझा गल्ला त्या टेबलापासून चार पावलांवर आहे. दुपारपर्यंत माझ्या पापण्या पांढऱ्या होतात. आता नव्या सुनेने जाऊन त्यांना काय सांगायचं, की बाबा, तुमचा हात आवरा?

सासूबाई कडक आहेत, पण वाईट नाहीत. त्यांची सर्दीची प्रकृती, रुमाल कायम हातात. त्यांना वाटतं मी फार नाजूक आहे.

लोभ आहे त्याहून कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी


२१ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आहेस ना खुर्चीत? बस आधी. मला दिवस गेलेत! आठ दिवस झाले पक्कं कळून. यांनी आनंदाच्या भरात पावांचा अख्खा ट्रे करपवला, आणि सासरे रागावण्याऐवजी हसले. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कपाटाकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

आता तू रागावशील असं एक. तपकिरी पंप बंद केला आहे. औषधांच्या दुकानातला माणूस म्हणाला की त्यात स्टिरॉइड असतं. सासूबाईंनी ते ऐकल्यावर त्यांचा चेहराच उतरला. त्या म्हणाल्या, पोटात बाळ असताना औषधाचा कणही नको, माझ्या देखत तरी नको. निळा मात्र चालेल असं घरात ठरलं, कारण तो घेतला की लगेच श्वास येतो, म्हणजे तो औषध नाही, नुसता श्वासच. मलाही ते पटलं. अगं, माझ्या हट्टापायी बाळाला काही झालं तर? थोडी धाप मी सोसेन. सोसायची सवय आहे मला.

पत्र लहान आहे, माफ कर. वर जाताना जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले आहे, तिथेच लिहिते आहे. या जिन्याला हल्ली पायऱ्या वाढल्यात.

लोभ असू दे. ओरडणार असलीस तरी असू दे.

तुझी,
भिंगरी


२७ एप्रिल

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

आपण दोघी लग्नात भेटलो, हसलो, एकमेकींच्या साड्यांचं कौतुक केलं. आज तसलं काही लिहायला बसलेली नाही, हे आधीच सांगते.

माझी भाची लहानपणापासून दम्याची आहे. हे तुमच्यापासून कोणी लपवलेलं नाही. शिकलेल्या डॉक्टरने, मूल व्हायच्या आधी नीट तपासून, तिला सांगितलं की तपकिरी पंप सोडायचा नाही. आणि तुमच्या घरात काय झालं? औषधं पुडीत बांधून देणाऱ्या माणसाचं मत निघालं, आणि डॉक्टरचं मत धुतलं गेलं! निळा पंप औषध नाही हा शोध कोणी लावला ते मला कळवा, त्याचा मी सत्कार करते.

पुन्हा सांगते, म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये. निळ्याने घटकाभर दार उघडतं, पण आतली सूज तशीच वाढत राहते. तपकिरी ती सूज थोपवतो. तो फुफ्फुसापुरता असतो, बाळापर्यंत पोचतो तो नगण्य. बाळापर्यंत पोचतो तो आईचा श्वास. तोच अर्धा असेल तर बाळाने काय खायचं, तुमचं प्रेम? हे माझ्या मनचं नाही. पत्र मिळालं त्या दिवशी मी इथल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन दोन डॉक्टरांना विचारून आले, आणि ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहून घेतलं.

माझी पोरगी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून पत्रं लिहिते. बाळंतपण म्हणजे तिचा जीव टांगणीला लावायची सोय नव्हे. तुम्ही तिच्या सासू आहात, तिच्या श्वासाच्या मालकीण नाही.

शब्द कडू लागले तर लागू देत. तपकिरी पंप सुरू झाल्याचं कळलं की लोभ आपोआप वाढेल.

आपली,
भिंगरीची मावशी


४ मे

सौ. मावशींस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आमच्या घरात असलं पत्र आजवर कोणी कोणाला लिहिलं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं.

तुम्ही मला खलनायिका ठरवून मोकळ्या झालात. ठीक आहे. आता माझं ऐका. माझा मुलगा जन्मला त्याच्या आधी मला दोनदा दिवस गेले होते. एकदा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. एकदा सातव्यात. दोन्ही वेळा माझ्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं की काय घेतलंस, कुठली गोळी, कुठली पूड. मी खोकल्यासाठी एक औषध घेतलं होतं. एवढंच. त्यानंतर तिसऱ्या वेळी मी औषधाचा थेंब जिभेला लावला नाही, आणि हा मुलगा हाती लागला. असं असताना सुनेच्या हातातलं औषध मी काढून ठेवलं, ते द्वेषाने नाही. कशाने ते तुम्हाला कळेल असं वाटलं होतं.

दुसरं, तुमची भाची साळसूद दिसते तेवढी नाही. दम लागला की हसते. खाली बसली की म्हणते सहज बसले. विचारलं की म्हणते काही नाही. तोंड शिवून बसणाऱ्या मुलीचा श्वास मी कुठून मोजू? मला काही टेलिफोनच्या तारा जोडता येत नाहीत.

तरी तुमचा मान म्हणून सांगते. येत्या आठवड्यात मी स्वतः तिच्याबरोबर त्या डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे आणि त्यांना तोंडावर विचारणार आहे की माझ्या नातवंडाची हमी देता का. मग काय ते बघू.

तुमचा लोभ तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी. वाढला तर कळवीन.

आपली,
विहीण


१६ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. बाळही बरं आहे. हे आधी वाच आणि मग पुढचं.

परवा यांनी फोनवर तुला सांगायचा खूप प्रयत्न केला, पण तू त्यांना बेकरीची ऑर्डर द्यायची आहे का असं विचारत राहिलीस म्हणे. झालं असं. आठवड्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती, पण तेवढा दम माझ्यात उरला नव्हता. दुकानात गर्दी होती. शाळा सुटलेली मुलं काचेला नाकं लावून उभी होती, आणि सासरे रंगात आले होते. एकामागून एक मुठी उधळत होते. मी सुटे पैसे मोजत होते आणि एकदम श्वास आतच येईना. निळा पंप घेतला, परत घेतला, परत. ओठ निळे पडले असं हे सांगतात. हातातली नाणी गळून सगळीकडे घरंगळत गेली, तेवढं मला आठवतं.

दवाखान्यात वाफ दिली, सुई दिली, ऑक्सिजन लावला. मग बाळाचे ठोके ऐकवले. मावशी, ते ऐकून मी इतकी रडले की नर्सने दम भरला, रडणं बंद करा नाहीतर परत धाप लागेल.

डॉक्टरीणबाई आल्या आणि आम्हाला सगळ्यांना फैलावर घेतलं. तपकिरी कोणाच्या सांगण्यावरून सोडला, विचारलं. मी म्हटलं माझ्याच. सासूबाई म्हणाल्या नाही, माझ्या. तिथेच आमचं भांडण लागायचं बाकी होतं. मग त्यांनी मला नळी फुंकायला लावली. आकडा फारच खाली आला. सासूबाईंना तो खराच वाटेना. त्या म्हणाल्या, नळीच बिघडलेली असणार, इतका कमी आकडा कसा येईल, द्या इकडे, चांगल्या माणसाने फुंकल्यावर बघा. आणि पदर खोचून, गाल फुगवून त्यांनी फुंकली.

काटा माझ्याहून खाली थांबला.

त्यांनी परत फुंकली. परत तिथेच. डॉक्टरीणबाईंनी नवी नळी मागवली. नव्या नळीतही तेच. मग त्यांना बाजूला बसवून छाती तपासली, किती वर्षं खोकला, सुट्टीला दुसरीकडे गेलात की कमी होतो का, असं सगळं विचारलं. होतो, सासूबाई म्हणाल्या, माहेरी गेले की सर्दी जाते, म्हणून तर सगळे मला म्हणायचे की हिला सासर सोसत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सासर नाही, पीठ सोसत नाही. तुम्हालाही दमा आहे, खूप जुना, आणि कोणी पाहिलेलाच नाही.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. माझी दोन गेली ती यामुळे का? डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या की ते आता कोणालाच सांगता येणार नाही, मी सांगितलं तर ते खोटं होईल. पण पोटुशी बाईचा श्वास कमी पडणं ही लहान गोष्ट कधीच नसते, आणि खोकल्याच्या औषधाने काही झालं असेल असं मला वाटत नाही.

 घरी आल्यावर त्यांनी कपाटातून माझा तपकिरी पंप काढला आणि माझ्या हातात ठेवला. स्वतःचा नवा त्याच्या शेजारी ठेवला.

तुझ्या लोभाची आज फार गरज आहे.

तुझी,
भिंगरी


२३ मे

सौ. मावशींस,
स. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझा लोभ वाढला तर कळवीन. कळवते आहे.

सुनेने तुम्हाला दवाखान्याचं लिहिलंच असेल. त्यानंतरचं मी लिहिते. मी घरी आले आणि यांना सांगितलं, की डॉक्टर म्हणतात पीठ हवेत उडता कामा नये. टेबल मागच्या खोलीत न्या, दार लावा, पीठ चाळणीने खाली धरून भुरभुरवा, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. एवढंच. बेकरी बंद करा असं कोणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी हात पुसले. म्हणाले, वडिलांपासूनची पद्धत आहे, लोक ते बघायला येतात. सुनेला हवं तर वर बसू दे. आणि मग म्हणाले की तूही लग्नापासून याच पिठात आहेस, तुला काय झालं?

मला काय झालं! मावशी, मी उभा जन्म रुमालात तोंड घालून काढला. चार पाहुण्यांत खोकला आला की मोरीत जाऊन खोकले. जिना चढून वर आले की दम खाताना कोणी बघू नये म्हणून उगाच कपाट आवरत उभी राहिले. दोन बाळंतपणांतून रिकाम्या हातांनी घरी आले आणि वर कुठली पूड खाल्लीस हे ऐकून घेतलं. हे सगळं चालू असताना हा माणूस खाली पीठ उधळत होता आणि बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. आणि आता विचारतो, तुला काय झालं?

मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायलाही श्वास लागतो.

तुमच्याकडे दोन खोल्या आहेत असं सून म्हणते. तिचे डॉक्टरचे कागद घेऊन आम्ही दोघी शनिवारी येतो आहोत. ती बाळंत होईपर्यंत राहील. मी किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही. तुम्ही मला भांडखोर वाटला होतात. आता मला भांडखोर माणसाचाच शेजार हवा आहे.

लोभ वाढला आहे, तो स्वीकारावा.

आपली,
विहीण


८ जुलै

सौ. मावशींस,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण, की माझ्या घरातल्या दोन बायका आपण ठेवून घेतल्या आहेत. सून माहेरी राहते हे समजू शकतो. परंतु पत्नीने या वयात घर सोडून राहावं यामागे कोणाची फूस आहे, हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

कुंभाराच्या घरी माती असायची आणि बेकरीत पीठ असायचं. माझ्या वडिलांनी जो हात घालून दिला तो बघायला माणसं वाट वाकडी करून येतात. मी तो आवरला तर पाटीवर काय रंगवू, चाळणी? गल्ल्यावर हल्ली मुलगा बसतो, त्यामुळे भट्टीवर लक्ष राहत नाही. गिऱ्हाईक विचारतं बाई कुठे गेल्या. मी काय सांगायचं?

त्यांना समज द्यावी. वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद करून राहता येईल.

लोभ असावा, निदान न्याय असावा.

आपला,
व्याही


१४ जुलै

श्री. व्याही यांस,
स. न. वि. वि.

ठेवून घ्यायला त्या काय भांडी आहेत? त्या आल्या, आणि राहिल्या. उलट तुमच्या पत्नींनी माझं स्वयंपाकघर असं लावलं आहे की मला माझाच डबा विचारून घ्यावा लागतो. आमचं रोज भांडण होतं. गंमत म्हणजे त्या आता मोठ्याने भांडतात आणि मध्ये खोकत नाहीत.

फूस मी लावली असती तर मला अभिमानच वाटला असता. पण ते श्रेय तुमचं आहे. तुला काय झालं, हे तुमचे तीन शब्द पुरले.

तुमचा मुलगा दर रविवारी बस धरून येतो. जिन्यातच शर्ट काढून पिशवीतला धुतलेला घालतो, तोंड-हात धुतो आणि मगच बायकोजवळ बसतो. त्याला हे कोणी शिकवलं नाही. एका रविवारी त्याला मिठी मारल्यावर तिची छाती वाजली, तेवढ्याने त्याला कळलं. तुमच्यापुढे त्याची जीभ रेटत नाही, हे मात्र त्याने लवकर सुधारावं.

भिंगरी महिन्याच्या महिन्याला तपासून येते. नळीचा आकडा वर आहे, निळा पंप धूळ खात पडला आहे, बाळाची वाढ नीट आहे. बंद खिडक्यांच्या खोलीत तिला पाठवायचा प्रश्नच येत नाही. गिऱ्हाईक विचारतं बाई कुठे गेल्या, तर खरं सांगा. म्हणा, श्वास घ्यायला गेल्या आहेत.

न्याय तुमच्या हातात आहे. तो तुम्ही अजून उधळतच आहात. लोभ त्यानंतर.

आपली,
मावशी


२२ जानेवारी

यांस,

काय मायना लिहावा ते सुचत नाही. आजवर तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नव्हती, कारण मी कायम एका जिन्याच्या अंतरावर होते.

तुमचं पत्र पोचलं. टेबल मागच्या खोलीत नेलंत, दार बसवलंत, चाळणी आणलीत, ओल्या फडक्याने पुसता, सगळं वाचलं. मुलानेही रविवारी येऊन सांगितलं की खरं आहे, आता त्याचा शर्टही पहिल्यासारखा पांढरा नसतो. आजूबाजूच्यांनी नावं ठेवली तरी मागे हटला नाहीत, हे वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

नात गोरी-सावळी कशी आहे असं विचारलंत. ती लाल आहे आणि रागीट आहे. जन्मली तेव्हा अशी काही रडली की मावशींनाही ऐकू गेलं, आणि त्यांनी कोण आरडाओरडा करतंय म्हणून विचारलं. वजन चांगलं भरलं. सुनेने शेवटच्या दिवसापर्यंत तपकिरी पंप सोडला नाही, आणि मुलीच्या अंगाला त्याने ओरखडाही गेलेला नाही. दोघी येत्या रविवारी मुलाबरोबर घरी येतील. सून रोज नळी फुंकेल. आकडा घसरला तर त्याच दिवशी दोघी परत इकडे येतील, आणि कोणी त्यांना अडवणार नाही. हे मी तुमच्या मुलाकडून वदवून घेतलं आहे, तुमच्याकडून पत्राने कळू दे.

मीही तो पंप घेते. इथे तीन मजले आहेत. परवा भाजी घेऊन वर आले आणि दारात पोचल्यावर लक्षात आलं की मध्ये कुठेच थांबले नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की जिना सगळ्यांनाच तसा लागतो.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुम्ही लिहिलंत की नातीचा फोटो आला आणि त्या दिवसापासून पीठ उधळायला हात उचलला नाही. मी ते वाक्य वाचलं आणि मला आधी रडू आलं, मग इतका संताप आला की पत्र टेबलावर ठेवून उभी राहिले. म्हणजे हात आवरता येत होता. एका दिवसात आवरता येत होता. त्याला वडिलांची पद्धत आड येत नव्हती, पाटी आड येत नव्हती, काचेपुढची माणसं आड येत नव्हती. मी तुमच्या शेजारी उभी राहून खोकत होते, पोटुशी होते, दोनदा होते, आणि तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. तुम्ही दुष्ट नाही. दुष्ट असतात तर मला हे सोपं गेलं असतं.

आपली दोन पिठाने गेली असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. पण तेव्हा तुम्ही हात आवरला असतात, तर ती पिठाने गेली नाहीत एवढं तरी आज मला छातीवर हात ठेवून म्हणता आलं असतं. तेही मला म्हणता येत नाही. ते आता कधीच येणार नाही, आणि हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

मी कधी येईन ते सध्या विचारू नका. लोभ आहे. तो नसता तर एवढं लिहिलं नसतं.

तुमच्या तिन्ही मुलांची आई